गावाकडचं पाणी, बनावट लातूरची

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी माझ्या वडिलांनी माझ्या घरच्या पाण्याचा एक घोट घेतला नव्हता, आणि ज्या वर्षी लातुरात कुणालाच पाणी मिळेना, नेमके त्या वर्षी ते माझ्याकडे राहायला आले.

लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हा नेम आमच्याकडे जुना. बहुतेक बाप तो नातवंड होईपर्यंत पाळतात. मग बारशाच्या दिवशी पेढ्यावर गटागटा पाणी पितात आणि सुटतात. अण्णांनी पूर्वाच्या बारशालासुद्धा स्वतःचा तांब्या भरून आणला होता. "माझ्या बापानं मरस्तोर पाळलं, मी कामून मोडू?" एवढंच त्यांचं म्हणणं. आता ती पूर्वा बारावीला आली, तिच्या क्लासची पुस्तकं तिच्या उंचीएवढी झाली, तरी आजोबांचा नेम जागच्या जागी!

बरं, नेम कडक असला तरी त्याला अण्णांनी पोटकलमं भरपूर ठेवली होती. जेवायला त्यांची ना नव्हती. मी एकदा त्यांना पेचात पकडायला गेले.

"अण्णा, भाकरीच्या पिठात पाणी असतंच की."

"ते तव्यावर उडून जातंय."

"आणि वरणातलं?"

"ते डाळीनं पिलेलं असतंय. मी न्हाई पिलो."

"मग चहा?"

"चा म्हंजे काय पाणी हाय का? चा हाय!"

(आमच्या दूधवाल्यानं हे ऐकलं असतं, तर अण्णांच्या पायाच पडला असता.)

तर असे हे अण्णा. उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या तोंडावर आमचं गाव. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच. शेत बघायचं आणि उदगीर लातूरपासून वेगळा जिल्हा व्हावा म्हणून निवेदनं द्यायची, हे दोनच उद्योग. नव्या जिल्ह्याची घोषणा येत्या सव्वीस जानेवारीला होणार, हे ते दरवर्षी पंधरा ऑगस्टला सांगत आणि येत्या पंधरा ऑगस्टला होणार, हे सव्वीस जानेवारीला. लातूरला ते आजही 'तुमचा जिल्हा' म्हणतात.

त्यांना माझ्याकडे आणावं लागलं ते मोतीबिंदूमुळे. एक डोळा आधीच अधू. दुसराही पिकत चाललेला. पण कबूल करतील तर शपथ! शेवटी एकदा लातूरला यायला निघाले ते गाडीवरची पाटी न दिसल्यामुळे नांदेडकडच्या गाडीत बसले आणि कुणी उठवलं नाही म्हणून नांदेडच्याही पुढे पार अर्धापूरला पोचले. तिथून फोन.

"अण्णा, तुम्ही अर्धापूरला कसे?"

"केळी घ्यायला आलतो."

"आमच्या घरी यायला निघाला होतात ना?"

"मग? रिकाम्या हातानं येऊ का?"

त्या दिवशी रात्री केळीचा घड खांद्यावर घेऊन ते दारात उभे राहिले तेव्हा मी ठरवलं, ऑपरेशन करायचंच. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर करू नका. अजून थांबलात तर नंतर हात लावून उपयोग होईल की नाही सांगता येत नाही." अण्णा गावी गेले, शेताची सोय लावली आणि चार-आठ दिवसांनी ऑपरेशनसाठी म्हणून पुन्हा आले. सोबत अर्धं पोतं ज्वारी, निवेदनांची पिशवी आणि पाण्याचे दोन मोठे निळे कॅन!

त्या उन्हाळ्यात लातुरात काय परिस्थिती होती हे सांगायलाच हवं. नळ ही भिंतीवरची एक शोभेची वस्तू झाली होती. रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लोक नटूनथटून स्टेशनवर बघायला गेले, जणू वरातच आली. आमच्या घरात पूर्वाच्या अंघोळीच्या पाण्यात कपडे, कपड्यांच्या पाण्यात फरशी आणि फरशीच्या पाण्यात संडास, असा त्या पाण्याचा प्रवास होता. गल्लीत टँकर यायचा. त्याचा कारभार बघणारे गल्लीचे अध्यक्ष म्हणजे आमचे हे! म्हणून तर पाणी सगळ्यात शेवटी आमच्या घरी. "अध्यक्षानं आधी भरलं तर लोक काय म्हणतील?" आमची पाळी येईपर्यंत टँकरच्या नळीतून नुसती हवा यायची आणि हे ती हवासुद्धा नियमानुसार बादलीत घेत.

अशा दिवसांत माझ्या दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून गावच्या विहिरीचं पाणी उतरलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या. माझ्या वडिलांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. शेजारच्या बिराजदारबाई तर कॅनलाच म्हणाल्या, "या, या!"

"कंडक्टर म्हणला, पाण्याला अर्धं तिकीट काढा," अण्णा सांगत होते. "म्हणलं काढतो, पण त्याला खिडकीची सीट दे."

कॅन त्यांनी आपल्या खाटेखाली ठेवले, वर ओलं पोतं टाकलं आणि जाहीर केलं, "हे पाणी हाय तोवर मी हितं हाय. पाणी संपलं की मी निघालो. डोळ्याचं तवा बघू."

हे ऐकून माझ्या सासूबाई (त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो) फणकारल्या.

"कामून हो व्याहीबुवा? आमच्या पाण्यात किडे हायेत का?"

"किडे असायला पाणी तर पायजे, इहीनबाई."

"आमचा जिल्हा झाला तवा सगळं लातूर पेढे वाटायलं होतं. तुमचा होऊ द्या आधी!"

"झाला की तुमचा. कलेक्टर आला अन् पाणी गेलं!"

झालं. त्या दिवसापासून माझ्या चार खोल्यांत दोन जिल्हे झाले आणि मी सरहद्दीवर. तसंही आमच्या वयाच्या माणसांची जागा सरहद्दीवरच असते. वरच्या पिढीला गोळ्या वेळेवर, खालच्या पिढीला भिजवलेले बदाम वेळेवर आणि मधल्या पिढीला त्या बदामांची सालं. आत्याबाईंचे गुडघे, अण्णांचे डोळे, पूर्वाची परीक्षा आणि ह्यांचं अध्यक्षपद, एवढं सगळं सांभाळून मी साडेदहाला शाळेत जाऊन मुलांना 'माझे सुखी कुटुंब' हा निबंध लिहायला लावत होते.

पुण्याला माझा धाकटा भाऊ आहे. तोही जबाबदारी घेतो, नाही असं नाही. रोज फोन करून मला काय करायला पाहिजे ते सांगतो.

"ताई, त्यांना नीट समजावून सांग ना. पाणी म्हणजे पाणी, त्यात लेकीचं काय अन् लेकाचं काय!"

"तू ये अन् सांग."

"अगं मला मिटिंग आहे. तुला एक व्हिडिओ पाठवतो, पाणी कसं वाचवायचं त्याचा."

पुण्यात बसून तो लातूरला पाणी वाचवायला शिकवत होता! मी व्हिडिओ बघितला. एक बाई वाहत्या नळाखाली हात धरून सांगत होती की नळ वाहता ठेवू नका.

आता अण्णांच्या पाण्याची गंमत अशी की, ते गोड होतं. आमच्या टँकरच्या पाण्यात तूरडाळ दुपारपर्यंत शिजवली तरी गोळ्यांसारखी टणक राहायची. अण्णांच्या पाण्यात ती लोण्यासारखी मऊ झाली. आत्याबाईंनी वैर तात्पुरतं बाजूला ठेवलं.

"व्याहीबुवा, तांब्याभर द्या की. डाळीपुरतं."

"घ्या की! लेकीच्या घराला द्यायचं असतंय. घ्यायचं नसतंय फक्त."

नेमातलं हे कलम घरात सगळ्यांना एकदम आवडलं. डाळीला तांब्याभर, मग आत्याबाईंच्या गुडघ्याच्या काढ्याला तांब्याभर, ह्यांच्या चहाला पेलाभर. पूर्वा अभ्यासाला बसली की अण्णा स्वतः तिच्या टेबलावर पेला नेऊन ठेवत. "पी माय. डोकं थंड राहतंय." बिराजदारबाईंना डोहाळजेवणाच्या पुरणासाठी घागरभर. सगळे अण्णांचं नाव घेत होते. अण्णा खूश. मी तर फारच खूश, माझ्या माहेरचं कौतुक पहिल्यांदाच ह्या घरात होत होतं.

आठवडाभरानं डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, पाणी किती पिता?"

"लागंल तेवढं."

"किती लागतं?"

"दोन पेले. कधी दीड."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मोठी माणसं लहान मुलांबद्दल तक्रार त्यांच्या आईकडे करतात, तसे. "शरीरात पाणी फार कमी झालंय. सोमवारची तारीख दिली आहे. तोवर यांना भरपूर पाणी पाजा. नाहीतर मला पुढे ढकलावं लागेल, आणि त्या डोळ्याला आता ढकलणं परवडणार नाही."

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही तांब्या तांब्यानं नेत होतो आणि आम्हाला पुरावं म्हणून हा माणूस स्वतः घोट घोट मोजून पीत होता! मला रडूच कोसळलं.

"अण्णा, आम्हाला वाटत बसलात अन् स्वतः तहानलेले राहिलात?"

"तहान लागली की लिंबाची गोळी चघळतो की."

"डोळा जाईल ना तुमचा!"

"एवढं काय बघायचं राहिलंय? जिल्हा तेवढा बघायचा हाय."

रिक्षावाल्यानंसुद्धा मान डोलावली. मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं की दुसऱ्या कॅनला आता कुणालाही हात लावू द्यायचा नाही. चार दिवस तो फक्त अण्णांचा. दारात पाऊल टाकलं तर समोर आरशापुढे पूर्वा. केस मोकळे सोडलेले. रेशमासारखे चमकत होते. त्या उन्हाळ्यात अख्ख्या लातुरात असे केस कुणाचे नसतील!

"पूर्वे, केस कशानं धुतलेस?"

"आजोबांच्या पाण्यानं. टँकरच्या पाण्यानं बघ ना कसे झाडूसारखे झाले होते. अभ्यासात लक्षच लागत नव्हतं."

"कुणाला विचारून?"

"आजोबांनाच! सकाळीच विचारलं. म्हणाले, घे की माय."

"किती घेतलंस?"

"कंडिशनरला जास्त लागतं ना, आई."

अण्णा थकून खाटेवर आडवे झाले होते. मी खाली वाकून पोतं बाजूला सारलं आणि कॅन उचलला. तो इतका हलका लागला की मी मागच्या मागे भिंतीला जाऊन टेकले. पाणी संपलं होतं. म्हणजे अण्णा उठले, त्यांनी कॅन हलवून बघितला, की दुपारच्या गाडीनं गावी! जिद्दी माणूस, आईनं सांगून ऐकलं नव्हतं, तिथे मी कोण? आणि गावी गेले की डोळा गेला.

गावाहून पाणी मागवायचं म्हटलं तरी दोन दिवस जाणार, आणि ज्याला सांगू तो आधी अण्णांना फोन करून विचारणार की एवढं पाणी गेलं कुठे. अण्णांचा जीव पूर्वावर. तिला कुणी बोललेलं त्यांना चाललं नसतं, पण निघून गेले असतेच. मी खोलीचं दार लोटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा जार मागवला आणि अण्णांच्या कॅनमध्ये ओतला.

ओतून घोटभर चाखलं. कशाचीच चव नाही! अण्णांची जीभ म्हणजे काय सांगू? चहाचा घोट घेऊन दूध कुठल्या म्हशीचं ते सांगणारा माणूस. त्याला हे सपक पाणी गावचं म्हणून कसं खपवायचं? मी ओट्यापाशी उभी राहून विचार केला, की गावाची खरी चव कशात असते. आणि एकोणीस वर्षं शहरात काढलेल्या बाईला जे सुचायचं तेच मला सुचलं. माती! शाळेच्या गॅदरिंगला मी दरवर्षी एका तरी मुलीकडून 'माझ्या गावच्या मातीचा सुगंध' हे भाषण पाठ करून घेते. बक्षीसही त्यालाच मिळतं.

गच्चीवर तुळशीची कुंडी होती. तुळस दुष्काळात केव्हाच वाळून गेली होती, माती शिल्लक होती. वाटीभर आणली. आता ऑपरेशनच्या माणसाला कच्ची माती कशी पाजणार? (मी शिक्षिका आहे, जंतूंची मला जाण आहे!) म्हणून ती दोनदा चाळली आणि तव्यावर खरपूस भाजायला घेतली.

तेवढ्यात हे टँकरवरून आले. "वास बरा येतोय. काय भाजतेस?"

"मसाला."

मी नको नको म्हणेपर्यंत ह्यांनी बोट बुडवून चाटलं. जरा विचार केला.

"जिरं नीट निवडलं नाहीस. कचकच लागतंय."

आणि अध्यक्ष निघून गेले. संसाराला एवढी वर्षं झाल्यावर नवऱ्याला आपल्या हातच्या मातीत आणि मसाल्यात फरक कळत नाही, हे मी त्या गडबडीतही मनाला लावून घेतलं.

भाजलेली माती चमचाभर कॅनमध्ये टाकली, कॅन हलवला, वर पुन्हा ओलं पोतं टाकलं. अण्णा उठले. मी पेला भरून हातात दिला. पाणी जरा गढूळ दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं हे त्या दिवशी पहिल्यांदाच बरं वाटलं.

"पूर्वानं केस धुतले का? मीच घे म्हणलतो," अण्णा म्हणाले. "राहिलंय का काही?"

"पुष्कळ राहिलंय अण्णा. तिनं थोडंच घेतलं."

त्यांनी घोट घेतला. तोंडातल्या तोंडात घोळवला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"गावचंच का हे?"

"हो की अण्णा. तुमच्याच कॅनमधलं."

"बरं," ते म्हणाले आणि पेला रिकामा केला. "अजून दे."

मी जिंकले होते! दुसरा पेला, तिसरा पेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्त! भावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, नीट समजावलं की ऐकतात."

पण खोटं एकदा बोललं की ते रोज दळावं लागतं. इथे तर रोज भाजावं लागत होतं. अण्णा पाणी पितात म्हटल्यावर आत्याबाई तांब्या घेऊन आल्या. त्यांना नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर लगेच चौकशी. दिला तांब्या. दुसऱ्या दिवशी त्या अंगणात फेऱ्या मारताना दिसल्या.

"सुमन, काही म्हण, ह्या पाण्यात गुण हाय. गुडघा लई हलका झाला."

"आत्याबाई, पाणी जरा गढूळ..."

"तेच तर! औषधी माती असतेय गावाकडं. तुमच्या बाटलीच्या पाण्यात काय असतंय?"

हे त्यांनी बिराजदारबाईंना सांगितलं. बिराजदारबाईंनी गल्लीला. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर दोन बायका पेले घेऊन उभ्या! त्यातल्या एकीच्या सुनेला पित्त, दुसरीच्या नवऱ्याला झोप नाही. मी मुकाट्यानं दोन जार जास्तीचे मागवले. शाळेत निघण्याआधी तव्यावर माती, शाळेतून आल्यावर तव्यावर माती. भाकरीला धूळ लागायला लागली. तुळशीची कुंडी तळाशी गेली, तेव्हा मी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून मोगऱ्याच्या कुंडीतली माती चोरली. गल्लीत लोक पाणी चोरत होते आणि मी माती!

तक्रार एकटीच करत होती, पूर्वा. "आई, आजोबांचं पाणी बिघडलंय. पेल्याच्या तळाला काहीतरी साचतं."

"अभ्यास कर."

"अगं पण सायन्सनुसार..."

"सायन्स पेपरात लिही. घरात नको."

आणि अण्णा? अण्णा रोज कॅनवर हात फिरवायचे आणि विचारायचे, "अजून हाय का?"

"आहे की अण्णा."

"इतकी माणसं पिऊन बी?"

"हो."

"लई बरकत हाय म्हणायची ह्या पाण्यात." एवढं म्हणून ते पेला तोंडाला लावायचे. पिताना डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, गावची आठवण येत असेल. माझंही मन भरून यायचं. आपण केलं ते खोटं असलं तरी त्यांच्या जिभेवर आपण त्यांचं गाव आणून ठेवलं, असं काहीबाही मला वाटायला लागलं होतं. गॅदरिंगच्या भाषणात घालण्यासारखं.

सोमवार उजाडला. रक्तात सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "वा बाबा! पाणी पिलात ना?"

"पिलो साहेब. लई पिलो." आणि पिशवीतून निवेदन काढून पुढे केलं. "तुमची बी एक सही होऊन जाऊ द्या. उदगीर जिल्हा झाला की तिकडं एक दवाखाना टाका."

डॉक्टरांनी सही केली. मग अण्णांचा हुरूप वाढला. आत घेईपर्यंतच्या वेळात त्यांनी बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांच्या सह्या घेतल्या. कुणाच्या डाव्या डोळ्याला पट्टी, कुणाच्या उजव्या. एका आजोबांनी सही भिंतीवरच केली. "जिल्ह्याला पाठिंबा द्यायला डोळे कशाला लागतात?" अण्णा म्हणाले. आत नेताना मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि सोडेनात. सोडवून घेताना मला जाणवलं, हा हात किती हलका झालाय. मी बाहेर बाकावर बसून राहिले. देवाला इतकंच म्हटलं की डोळा वाचव, मातीचं पाप माझ्या नावावर लाव.

डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. अण्णांनी डोळ्यांची उघडझाप केली, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिले.

"सुमे," ते म्हणाले, "लई वाळलीस गं माय."

तिथे मी डॉक्टरांसमोरच रडले.

घरी आलो. पूर्वानं आजोबांना आपले केस दाखवले. आत्याबाईंनी दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "आता तरी दिसतोय का आमचा जिल्हा?" अण्णा म्हणाले, "दिसतोय की. निस्ते रिकामे हंडे दिसायलेत." सगळं जिथल्या तिथे आलं होतं. अण्णा खाटेवर टेकले आणि मला म्हणाले, "सुमे, पाणी दे."

मी सवयीनं स्वयंपाकघराकडे वळले. तवा गॅसवरच होता.

"अन् हे बघ," मागून आवाज आला, "आता त्यात माती नको टाकू."

आत्याबाई एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या हातातल्या तांब्याकडे बघायला लागल्या.

"कुठली माती अण्णा?"

"रोज भाजायलीस ती. दातात कचकच होतंय."

"तुम्हाला... कधी कळलं?"

"पहिल्याच घोटाला कळलं की. आगं, आपली हीर खडकात फोडल्याली हाय. वरपासून तळापस्तोर निस्ता काळा पत्थर. तिच्या पाण्यात मातीचा कण गावंल का कधी? तूच पोहायला शिकलीस न्हवं तिच्यात?"

शिकले होते. तिच्यातच शिकले होते. पाणी इतकं नितळ की वरून टाकलेला खडा तळाला पोचेपर्यंत दिसायचा! आणि मी ओट्यापाशी उभी राहून गावाची चव आठवली तेव्हा मला विहीर नाही, गॅदरिंगचं भाषण आठवलं.

"मग पिलात कशाला? तुमचा नेम मोडला ना!"

अण्णांनी नव्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "काय करू? डॉक्टर पाणी पी म्हणलता. तू रिक्षात रडायलीस. माझ्या बापाला नेम पाळाय सोपं होतं, त्याची लेक अशी दिवसभर माती भाजत बसली न्हवती. म्हणलं, पिऊन टाकू. लेकीहून नेम मोठा हाय का?"

पदर डोळ्याला लावून मी म्हणाले, "मग पहिल्या दिवशीच सांगायचं ना अण्णा. मी माती तरी घातली नसती."

"एवढी मेहनत घ्यायलीस, मन कसं मोडू?" ते म्हणाले आणि पाण्यासाठी हात पुढे केला. "पण एक खरं सांगू का सुमे? मला दिसत तर काहीच न्हवतं, अन् जार काय अन् हीर काय, म्हाताऱ्या जिभेला आता काय कळतंय! तू निस्तं पाणी दिलं असतंस ना, तर मला मरस्तोर पत्ता लागला नसता."

एकोणीस वर्षांत एकदाच मला माझ्या बापाला माझ्या घरचं पाणी पाजायची संधी मिळाली, आणि मी त्यांना चिखल पाजला. तोही स्वच्छ पाण्यात मुद्दाम कालवून, चार दिवस, जेवणाआधी आणि जेवणानंतर!